ललिताचं नाव मी पुसलं

आमच्या घरात मुली दोन होत्या आणि गळा एकीलाच होता. ती एक मी नव्हते. ललिता माझ्या काकाची मुलगी, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. दिवाळी झाली की काका-काकू ऊसतोडीला जायचे, पार सांगलीच्या पलीकडे, आणि कारखाना बंद होईतो परतायचे नाहीत. पोरीची शाळा बुडू नये म्हणून तिला आमच्याकडे ठेवून जात. पहिल्या वर्षी ती ट्रकच्या मागं धावली होती म्हणतात. मला ते आठवत नाही. मला आठवतं ते एवढंच, की त्या दिवसापासून माझी याडी (आम्ही बंजारा लोक आईला याडी म्हणतो) चुलीपुढं बसली की तव्यावरची पहिली बाटी ललिताच्या ताटात टाकायची. बाटी म्हणजे ज्वारीची भाकर. पहिली बाटी मऊ असते, तवा अजून तापून करपवायला लागलेला नसतो. "तिचे मायबाप दूर हायेत," याडी म्हणायची. मायबाप दूर असायचे सहा महिने, पहिली बाटी मात्र बाराही महिने तिचीच.

आमचा तांडा ढाणकीपासून चालत अर्ध्या तासावर. घर मातीचं, वर टिनाचे पत्रे, पुढं तुराट्यांचं कुंपण. सकाळी जाग यायची ती हातपंपाच्या दांड्यानं. तो वर जाताना कण्हायचा आणि खाली येताना शिवी दिल्यासारखा आवाज करायचा. मग बकऱ्या, मग बाच्या खाकरण्याचा आवाज, मग याडीचं गुणगुणणं. याडी दळण निवडताना गुणगुणायची, शेण कालवताना गुणगुणायची, अंबाडीची भाजी घोटताना तर पळी आणि गाणं एकाच लयीत चालायचं. ललिता शेजारी बसून तो सूर असा उचलायची जसं कोणी सांडलेले दाणे उचलतं, एकही न सोडता. मीही प्रयत्न करायची. गाता गाता माझा सूर कुठल्या कुठं निघून जायचा ते मला कळायचं नाही, पण याडीच्या चेहऱ्यावरून कळायचं. ती फक्त स्वतःचं गुणगुणणं थांबवायची.

माझ्याकडे शब्द होते. हे मी आज म्हणू शकते. तेव्हा ते काही असण्यासारखं आहे हेच ठाऊक नव्हतं. होळीला आमच्यात लेंगी गातात, डफावर, गोल फिरून. दर वर्षी तीच कडवी यायची आणि मला कंटाळा यायचा. मग मी जुन्या वह्यांच्या कोऱ्या पानांवर नवी कडवी जोडायची: गावातल्या रेशन दुकानदारावर, तलाठ्यावर, एकदा तर बाच्या सायकलीवर. ललिता ती म्हणायची आणि सगळा तांडा हसायचा. आम्ही आपसात गोरबोलीत, म्हणजे आमच्या बंजारा बोलीत, बोलायचो. इथं मी ते बोलणं आमच्या बाजारातल्या मराठीत उतरवते आहे, कारण वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांना तेच समजेल.

शेजारच्या मुलीच्या लग्नासाठी मी एक ढावलो बांधला. ढावलो म्हणजे नवरीचं रडगाणं. सासरी निघताना नवरी एकेकाच्या गळ्यात पडते आणि रडत रडत गाते. तिच्या बाजूनं मैत्रिणी गातात. घरात वेचून आणलेल्या कापसाच्या ढिगावर बसून मी तो एका दुपारीत लिहिला. त्यात नवरी म्हणते: उंबऱ्यावर बसू नको, म्हणून मला जन्मभर उठवत आलात, आज शेवटची बसले, तर उठवायला सगळा तांडा आला. एवढंच. बाकी कडव्यांत विहीर होती, काळी बकरी होती, भावाची फाटकी चप्पल होती. लग्नात ललितानं तो म्हटला आणि पहिल्याच कडव्याला बायकांनी पदर तोंडाला लावले. एका म्हातारीनं विचारलं, "कोणं बांधलं गं हे?" ललिता म्हणाली, "इंदूबाईनं." मोठ्या बहिणीला आमच्यात बाई म्हणतात. तिनं माझ्याकडे बोटही दाखवलं. म्हातारीनं एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि मिठी ललितालाच मारली.

मी तेव्हा एकवीस वर्षांची होते. बारावीनंतर संगणकाचा कोर्स केला होता आणि ढाणकीच्या बसस्टँडसमोर गजूदादाच्या दुकानात कामाला जात होते. पाटीवर लिहिलेलं होतं: झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, मोबाइल दुरुस्ती. पाटीवर न लिहिलेलं मुख्य काम म्हणजे मोबाइलच्या कार्डात गाणी भरून देणं. गजूदादा चाळिशीचा, पोट सुटलेला, कायम कानावर पेन. तांड्यातली मुलगी कामाला ठेवली म्हणून त्याला चार लोकांनी टोकलं होतं. "तिच्यासारखं टायपिंग तुमच्या पोराले येते का? येत असंन तर धाडा," एवढंच तो म्हणाला होता. दुपारी त्याच्या घरून डबा यायचा, त्याची बायको, मीनावहिनी, दोघांपुरती भाजी पाठवायची. वरण, पोळी, आणि थंडीत हिरव्या तुरीच्या दाण्यांची आमटी, जिच्या वासानं गिऱ्हाइकसुद्धा विचारायचं, "आज काय हाये बाप्पा डब्यात?"

त्या लग्नाचं शूटिंग झालं होतं. ते कसं कोण जाणे शहरातल्या एका कंपनीपर्यंत पोचलं. ही कंपनी आमच्या बोलीतल्या गाण्यांच्या सीड्या काढायची. उन्हाळ्यात, काका-काकू परतल्यावर, त्यांचा माणूस जीप घेऊन तांड्यात आला. दुबेसाहेब. बोलायला गोड, सफारी घातलेला, याडीच्या हातचं पाणी दोनदा मागून प्यायला. त्याला ललिता पाहिजे होती, आणि तो ढावलो पाहिजे होता.

शहरात ललिता, काका आणि मी गेलो. मी गेले कारण असले कागद वाचून समजणारी घरात मीच होते. रेकॉर्डिंगच्या खोलीला जाड काच होती. ललिता आत, कानावर मोठाले डबे लावून. मी बाहेर बाकावर, हातात मोसंबीच्या रसाचा ग्लास. त्या काचेतून आवाज येत नव्हता. मला फक्त तिचे ओठ दिसत होते. मला प्रत्येक शब्द ओळखू येत होता. उंबरा. विहीर. बकरी. आतल्या यंत्रावर बसलेला माणूस डोळे मिटून मान हलवत होता आणि मला काहीही ऐकू येत नव्हतं. असूया हा शब्द मी पुस्तकात वाचला होता, तिची जागा मात्र मला त्या दिवशी कळली. ती छातीत नसते. ती घशात असते, जिथं दुसरीचा सूर असतो तिथं.

मग कागद आले. काकानं अंगठा उठवण्याआधी मी वाचले. सगळे हक्क कंपनीचे, कायमचे. गायिका: ललिता राठोड. गीत: पारंपरिक. मी त्या शेवटच्या शब्दावर बोट ठेवलं.

"साहेब, हे गाणं मी बांधलं."

दुबेसाहेब हसला. "बेटा, ढावलो कोणा एकाचा असतो का? तो समाजाचा असतो. तुझं नाव टाकलं तर उद्या दहा म्हाताऱ्या येतील, आमचं आमचं म्हणत."

"पण खरंच मीच लिहिलंय. वही हाये घरी. हिले विचारा."

त्यानं ललिताकडे पाहिलं. मीही पाहिलं. तिच्या गळ्यात अजून ते कानाचे डबे लटकत होते. तिनं नजर खाली घातली आणि आपल्या ग्लासातल्या रसाचा बर्फ बोटानं ढवळत राहिली. एवढंच. नाही म्हणाली नाही, हो म्हणाली नाही. काकानं अंगठा उठवला.

परतीच्या एसटीत मी खिडकीकडे तोंड करून बसले. ती म्हणाली, "बाई, भूक लागली का तुले?" मी झोपल्याचं सोंग केलं.

सीडी पोळ्याच्या सुमारास आली. पुठ्ठ्यावर ललिताचा फोटो, अंगात आरशांची फेटिया आणि कांचळी, म्हणजे आमच्या बायकांचा घागरा-चोळी. ती फेटिया याडीनं तीन हिवाळे बसून भरली होती, आणि ती माझ्या लग्नासाठी होती. याडीनं फोटोपुरती दिली, असं ती म्हणाली. पण फोटो पुठ्ठ्यावर कायमचा असतो. याडी ती सीडी ज्याला त्याला दाखवायची. "आमची ललिता," म्हणायची. मी शाळेत पहिली आले होते तेव्हाचं प्रमाणपत्र आमच्याकडे पत्र्याच्या पेटीत, तळाशी होतं.

आज माझी भाची मला फोनवर गाणी लावून दाखवते, पैसे न देता, हवी तितकी, मधे जाहिरात आली की वैतागते. त्याला कोणी चोरी म्हणत नाही, कारण आता कंपन्यांनीच दार उघडं ठेवलंय. तेव्हा दार बंद होतं आणि आम्ही सगळे खिडकीतून आत शिरत होतो. गजूदादाच्या दुकानात दिवसभर तेच चालायचं. एका संकेतस्थळावरून गाणी उतरवायची आणि कार्डात भरायची. त्या संकेतस्थळावर कोणीही आपल्याकडची गाणी चढवू शकत होतं. हे मला माहीत होतं, गजूदादाला नव्हतं. त्याला कंप्यूटर चालू आणि बंद करता येत होता.

एका दुपारी तो उमरखेडला सामान आणायला गेला. मी सीडी यंत्रात टाकली. ढावलो वेगळा काढला. गाण्यासोबत नावं जातात, गायिकेचं, कंपनीचं, सीडीचं. मी गायिकेच्या जागी गेले आणि 'ललिता राठोड' यातलं एकेक अक्षर पुसलं. त्या जागी माझं नाव लिहायचा मोह झाला होता. पण मी गायले नव्हते आणि तेवढी लाज शिल्लक होती. जागा कोरी ठेवली. मग गाणं चढवलं. लाइन इतकी मंद होती की दोन तास लागले. त्या दोन तासांत मी तीन फॉर्म भरले, एकाची पासपोर्ट साइज फोटोची शीट कापली, आणि दर थोड्या वेळानं पडद्यावरची ती निळी पट्टी किती सरकली ते बघत राहिले. मला वाटत होतं, फुकट मिळालं की सीडी कोण घेणार. सीडी खपली नाही की दुसरी निघणार नाही. आणि नाव नसलं की तिला ओळखणार कोण.

झालं ते उलटंच. गाणं पसरलं, पण ते नुसतं पसरणं नव्हतं. कापसाच्या गाड्यांवर वाजायला लागलं, ऑटोत वाजायला लागलं, वणीच्या कोळसा खाणीवर ट्रक चालवणारा आमचाच एक नातलग सांगत आला की चंद्रपूरच्या रस्त्यावरच्या ढाब्यात तेच लावतात. त्या वर्षी दिवाळीनंतर काका-काकू ऊसतोडीला गेले, तर फडात कोणाच्या तरी फोनवर त्यांना आपल्याच पोरीचा आवाज ऐकू आला. काकूनं कोयता खाली ठेवला आणि बांधावर बसून रडली, असा निरोप आला. नाव पुसल्यानं उलट लोक विचारायला लागले, कोणाचा आवाज हा? आणि उत्तर सगळ्यांना माहीत होतं. ढाणकीजवळच्या तांड्यातली ललिता. तिला लग्नांत बोलावणी यायला लागली, मग मेळाव्यांत, मग पुसदला स्टेजवर. सीडीनं तिला नेलं नसतं इतक्या दूर ती माझ्या हातानं पोचली. मी रोज दुकानात बसून, लोकांच्या कार्डात, तेच गाणं भरून देत होते. "ताई, ते उंबऱ्यावालं टाका," म्हणायचे. उंबऱ्यावालं. माझा उंबरा. दर वेळी मी ते टाकायची, आणि दर वेळी पडद्यावर नावाची ती कोरी जागा दिसायची.

कंपनीनं मात्र याकडे दुसऱ्या डोळ्यांनी पाहिलं. तिनं आधी ते संकेतस्थळ चालवणाऱ्या माणसावर तक्रार केली. त्याच्याकडून निघालं की हे गाणं कुठल्या कनेक्शनवरून चढलं. कनेक्शन गजूदादाच्या नावावर होतं.

बाजाराचा दिवस होता. दुकानासमोर कांदे-लसणाचे ढीग, हातगाडीवर गरम भजी, आणि त्या गर्दीतून पोलिसांची गाडी हॉर्न वाजवत आली. सोबत दुबेसाहेब, तीच सफारी. त्यानं मला ओळखलं नाही. त्यांनी दोन्ही कंप्यूटर उचलले, कार्डांचा डबा उचलला, वायरी तशाच लोंबकळत होत्या. फौजदारानं गजूदादाला विचारलं, गाणं कोणी चढवलं?

"चढवलं म्हंजे काय साहेब?" गजूदादा म्हणाला. "मी तं उतरवतो. सगळेच उतरवतात."

"ही पोरगी कोण?"

मी झेरॉक्सच्या यंत्रामागं उभी होते. माझ्या हातात कोणाच्या तरी जातीच्या दाखल्याच्या दोन प्रती होत्या, अजून गरम.

"तिले कायले विचारता?" गजूदादा म्हणाला. "ते फारम भरते. जे काई असंन ते माह्या नावावर हाये."

त्याला गाडीत बसवलं. भजीवाला, कांदेवाल्या, सगळे बघत होते. तेवढ्यात दुपारचा डबा आला, तो तसाच काउंटरवर राहिला. मी त्या क्षणी ललितासारखीच खाली बघत होते, फक्त ढवळायला माझ्याकडे बर्फ नव्हता.

तो चौथ्या दिवशी जामिनावर सुटला. दुकान बंदच राहिलं. उमरखेडला त्याच्या वकीलबाई होत्या, देशमुखबाई, आवाज जाड, चष्मा दोरीला बांधलेला. मीनावहिनीसोबत मी त्यांच्याकडे गेले, कागद वाचायला मदत म्हणून. माझं खरं कारण भीती होतं. कंपनीच्या तक्रारीत लिहिलं होतं की सदर गीत ही कंपनीची मालमत्ता आहे. ते वाक्य मी तीनदा वाचलं. समाजाचं होतं ते मालमत्ता कधी झालं? माझ्या तोंडून निघून गेलं, "हे गाणं माह्यं हाये."

वकीलबाईंनी चष्मा लावला. मी वहीबद्दल सांगितलं, काचेबद्दल, 'पारंपरिक'बद्दल. चढवल्याबद्दल नाही.

"हे बघ," त्या म्हणाल्या, "रेकॉर्डिंग त्यांचंच. ते ज्यानं वाटलं त्यानं गुन्हा केला, त्यात तुझी वही काही करणार नाही. पण तुझे शब्द त्यांनी न विचारता घेतलेत. ते कोर्टात पुढं आलं, तर मालक म्हणून छाती काढून उभं राहणं त्यांना जड जाईल. तडजोडीवर येतील. मात्र तू लिहिलंस हे सांगणारं कोणी पाहिजे. त्या दिवशी तिथं कोण होतं?"

काका होता, पण कागदात काय लिहिलंय ते त्याला वाचता आलं नव्हतं. ललिता होती. आणि ललिताला कंपनीनं आपली साक्षीदार केलं होतं. तिच्या गाण्याची चोरी झाली, तिचं नुकसान झालं, असं तिनं सांगायचं होतं. त्या बदल्यात दुसरी सीडी ठरली होती.

खरं सांगते, घरी येताना एसटीत मी खूश होते. मला वाट दिसत होती. गजूदादा सुटेल, माझं नाव कोर्टाच्या कागदावर येईल, ललिताची सीडी जाईल, आणि मी काय केलं ते कोणालाच कळणार नाही. इतकं सगळं एकाच वेळी मिळणार होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी तुरीच्या शेंगा तोडायला शेतात होतो. मी तिला सांगितलं, साक्षीत खरं बोल, गाणं मी बांधलं म्हण.

"म्हणीन," ती म्हणाली. शेंगा पदराच्या ओटीत टाकत राहिली. "तू बी खरं बोलशीन ना?"

"म्हंजे?"

"गाणं तू चढवलं ते."

मी म्हणाले, काय बोलतेस, कोणी सांगितलं.

"कोणं सांगाले पाहिजे? फोनवर गाणं लागते तं नावाची जागा कोरी दिसते. दुनियेत माह्यं नाव पुसाले दुसरं कोण बसलं हाये, बाई?"

तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. ती माझ्यासोबत जेवत होती, माझ्या शेजारी झोपत होती, आणि तिला माहीत होतं. मला तिचा असा राग आला की मी हातातल्या शेंगा तिच्या अंगावर फेकल्या. ओरडले. त्या दिवशी साहेबापुढं मुकी काहून झालतीस म्हणाले. माझी बाटी, माझी फेटिया, माझी याडी, माझं गाणं, सगळं तुलाच पाहिजे म्हणाले. बाजूच्या वावरातल्या बायका उभ्या राहून बघायला लागल्या.

ती रडली नाही. "याडी तुही हाये," ती म्हणाली. "मले बाटी पहिली देते, पण बोलते तं तुले. पाहुण्याले कोणी बोलते का? सा महिन्याची पाहुणी हावो मी, बारा वर्सांपासून. तुह्या चुका काढते, तुले धपाटे देते, तुह्या लग्नासाठी फेटिया भरते. मी पाहत राहते. त्या दिवशी काचेच्या आत मले वाटलं, हे येक तरी फक्त माह्यं राहू दे. म्हणून मुकी झाली." मग थांबून म्हणाली, "चुकलंच माह्यं. पण मी मुकी झाली, तू माणूस जेलात धाडला."

मी घरी न जाता तशीच ढाणकीला गेले. गजूदादा ओसरीवर बसून सुपात तूर पाखडत होता. त्याच्या हातात सूप मी कधी पाहिलं नव्हतं. मी उभ्या उभ्या सांगून टाकलं. त्यानं सूप खाली ठेवलं, कानाकडे हात नेला, तिथं पेन नव्हतं. आत गेला. मीनावहिनी दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"डबा दोघांचा पाठवत होती मी," ती म्हणाली, आणि दार लावून घेतलं.

पुढचं थोडक्यात सांगते. मी पोलिसांत जबाब दिला. माझंही नाव खटल्यात आलं, दोन नंबरचा आरोपी म्हणून; कनेक्शन त्याच्या नावावर, म्हणून एक नंबरला गजूदादाच राहिला. बा महिनाभर माझ्याशी बोलला नाही आणि ठरत आलेली सोयरीक मोडली. खटला कित्येक वर्षं रेंगाळला. तो संपेपर्यंत मला कुठल्या नोकरीचा अर्ज करता आला नाही. शेवटी कंपनीनं तो लावून धरला नाही. तोवर सीड्यांचा धंदाच संपला होता. गजूदादानं दुकान पुन्हा उघडलं नाही. त्यानं बी-बियाणांचं दुकान टाकलं. मी दिसले तर मान हलवतो. बोलत नाही. ललिताची दुसरी सीडी निघाली नाही, कारण तिनं साक्षीत जे सांगितलं ते कंपनीला नको होतं. ती आज माहूरकडे असते, दोन मुलांची आई, अजून गाते, आणि अजून तिच्या गाण्याला लोक उठून उभे राहतात. मी आश्रमशाळेत शिकवते. केस पिकायला लागलेत. आम्ही एकमेकींकडे जातो-येतो. सगळं मिटलं असं मात्र मी लिहिणार नाही, कारण मला त्या साक्षीचा दिवस आठवतो.

उमरखेडचं कोर्ट, वर पंखा, भिंतीला पोपडे. मी आणि गजूदादा आरोपींच्या जागी, मधे एका माणसाचं अंतर ठेवून. ललिता साक्षीला उभी राहिली. डोक्यावर पदर, हातात रुमाल. कंपनीच्या वकिलानं विचारलं ते तिनं सांगितलं: हो, आवाज माझा; हो, रेकॉर्डिंग शहरात झालं. मग देशमुखबाई उठल्या आणि म्हणाल्या, या गाण्याचे शब्द कोणाचे?

"माझ्या बहिणीचे," ललिता म्हणाली. "तिनं बांधलं. कापसावर बसून. मी फक्त म्हटलं."

"कोणते शब्द? कोर्टाला सांगा."

कंपनीचा वकील उठायला लागला, पण ललितानं सांगायला सुरुवात केली होती. ती गाणार नव्हती, मला खात्री आहे. ती फक्त शब्द सांगत होती. पण ललिताला ते शब्द सुराशिवाय सांगताच येत नव्हते. दुसऱ्या ओळीला आवाज आपोआप वर गेला. दाराशी उभा असलेला शिपाई आत वळला. बाकावरच्या, दुसऱ्याच खटल्याला आलेल्या बायका पदर सावरून बसल्या. न्यायाधीशसाहेबांनी हनुवटी हातावर टेकली. गजूदादा, ज्याला या गाण्यापायी चार दिवस कोठडीत काढावे लागले, त्यानं डोळे मिटले. ती माझ्यासाठी उभी होती, माझं नाव परत द्यायला, दुसरी सीडी सोडून. आणि मी तिथं बसून पाहत होते की सगळं कोर्ट पुन्हा तिच्याकडेच बघतंय. मी पुन्हा काचेबाहेरच्या बाकावरच होते. साक्ष टाइप करणाऱ्या गृहस्थांची बोटं यंत्रावर थांबलेली होती. ते ऐकत होते. पडद्यावर शेवटचं वाक्य अर्धंच होतं: 'सदर गीताचे शब्द माझी बहीण'. पुढं काही नाही.

मी उठून उभी राहिले.

"लिहा ना साहेब," मी म्हणाले. "इंदू. इंदू राठोड."

"आरोपीनं मधे बोलू नये," न्यायाधीशसाहेब म्हणाले. मग त्यांनी टाइप करणाऱ्यांकडे पाहिलं, आणि यंत्राचा आवाज पुन्हा सुरू झाला. ललिता तोवर थांबली नव्हती. ती तिसऱ्या कडव्यावर होती.